सॉफ्ट प्लास्टिक आमिष हुकावर सरळ बसवण्याविषयी

तुम्ही लिहिले आहे की टेक्सासमध्ये राहणाऱ्या भावाने तुम्हाला सॉफ्ट प्लास्टिक आमिषांची, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या नकली आमिषांची, दहा-बारा पाकिटे पाठवली, तिकडच्या बास मासेमारीचे व्हिडिओ पाहून तुम्ही ती हुकावर लावायला शिकलात, आणि गेले दोन महिने दर रविवारी नाशिक रोडहून दारणेच्या बॅकवॉटरला जाऊनही तुमच्या हाती एकच लहान मरळ लागली. तुमच्या तक्रारी तीन आहेत. आमिष पाण्यात गोल फिरते आणि लाइनला पीळ पडतो. मासा ओढतो, पण झटका दिल्यावर हाती फक्त चावलेले प्लास्टिक येते. आणि काठाजवळच्या बुडालेल्या बाभळींत दर फेरीला दोन-तीन हुक तुटून राहतात. शेवटी तुम्ही विचारले आहे की आता कोणत्या रंगाची आणि कोणत्या कंपनीची आमिषे घ्यावीत.

माझे प्रामाणिक मत असे आहे की तुम्ही तूर्त एकही आमिष विकत घेऊ नये. तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ पाकिटात नसून आमिष हुकावर कसे बसले आहे आणि तुम्ही ते कसे ओढता यात आहे. लाकडी किंवा कडक प्लास्टिकच्या ल्युअरला, म्हणजे नकली आमिषाला, कारखान्यातच तोल दिलेला असतो. ते पाकिटातून काढून बांधले की आपापले पोहते. सॉफ्ट प्लास्टिकचे तसे नसते. त्याचा तोल, त्याची पडण्याची गती आणि हुकाचे टोक वेळेवर बाहेर येणे या तिन्ही गोष्टी आपण हाताने घडवतो, आणि त्यात दोन मिलिमीटरची चूकही पाण्यात दिसते. मी नोकरीची बहुतेक वर्षे सातपूरला टूलरूममध्ये साच्यांच्या कामावर काढली आणि पंचवीसहून अधिक वर्षे नाशिकच्या आसपासच्या पाण्यावर गळ टाकतो आहे. मुलीकडे अमेरिकेत दोन उन्हाळे राहणे झाले तेव्हा तिथल्या तळ्यांवर बासही भरपूर पकडले. त्यामुळे दोन्हीकडच्या फरकाविषयी मी अनुभवाने लिहू शकतो.

आधी हा फरक समजून घेऊ, कारण तुम्ही पाहिलेले व्हिडिओ चुकीचे नाहीत, ते दुसऱ्या माशासाठी आहेत. तिकडचा लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला गोड्या पाण्यातला मासा आहे. आपल्याकडे कोकणात मिळणाऱ्या जिताड्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात, पण त्या दोघांचा संबंध नाही. ओहायोतल्या निक क्रीम यांनी १९४९ मध्ये प्लास्टिकचा मऊ गांडूळ साच्यात ओतून तयार केला आणि पुढे ते टेक्सासला स्थायिक झाले. बुडालेल्या झाडांनी भरलेल्या तिथल्या जलाशयांत हुकाचे टोक आमिषातच लपवण्याची पद्धत रुळली आणि तिला टेक्सास रिग, म्हणजे टेक्सास बांधणी, हे नाव पडले. म्हणजे तुमच्या बाभळींसारख्या अडचणीवरचा उपाय या पद्धतीच्या जन्मातच आहे. तो तुम्हाला लागू पडत नसेल, तर बांधणीत काहीतरी राहून गेले आहे.

बास तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. त्याचे दात खरकागदासारखे बारीक असतात, म्हणूनच व्हिडिओतली माणसे त्याला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. आपली मरळ मागून येते, पुष्कळदा काही अंतर पाठलाग करते, आणि आमिष जबड्यात पकडून आवळते. तिचा जबडा हाडाळ आहे, दात टोकदार आहेत, आणि पुष्कळदा ती आधी शेपटीकडचा भाग धरते. बासच्या तोंडात आमिष सैल असते, म्हणून हुकाला वळायला जागा मिळते. मरळीच्या जबड्यात ते दाबलेले असते. लपवलेले टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग हाडाळ तोंडातून जायला हवे, आणि एवढे सगळे तिने तोंड उघडण्याआधी व्हायला हवे. तुमची दुसरी तक्रार इथून सुरू होते.

मी स्वतः ही गोष्ट उशिरा शिकलो. एका मार्च महिन्यात दारणेच्याच काठावर सकाळच्या दोन तासांत माझ्या चार मरळी सुटल्या. चौथ्या वेळी आमिष परत आल्यावर ते काढून न टाकता मी चष्मा लावून नीट पाहिले. पाठीवर आणि पोटावर दातांच्या स्पष्ट खुणा होत्या, अगदी समोरासमोर, म्हणजे मासळीने ते पूर्ण तोंडात घेतले होते. आणि हुकाचे टोक मात्र प्लास्टिकच्या आत जसेच्या तसे होते. मी इतक्या जोराने झटका दिला होता की रॉड कमानीसारखा वाकला होता, तरी टोक बाहेरच आले नव्हते. हुक लहान होता आणि प्लास्टिक जाड होते. त्या दिवसापासून मी आमिषाच्या रंगाआधी हुकाचा वाक पाहतो.

आता ही टेक्सास बांधणी. तुमच्या पाकिटांत पाच इंची सरळ काडीसारखी आमिषे आहेत आणि चार इंची, शेपटीला चपटा पंखा असलेली, म्हणजे पॅडल टेल आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. या दोन्हींसाठी मानेजवळ पायरीसारखा दुहेरी वळसा असलेला आणि रुंद वाक असलेला ऑफसेट हुक घ्यावा. सडपातळ काडीला ३/० आणि जाड पॅडल टेलला त्याहून एक नंबर मोठा ४/० हे सुरुवातीचे माप. आकडा मात्र आंधळेपणाने मानू नये, कारण प्रत्येक कंपनीचा ३/० वेगळा असतो. माझी पडताळणी साधी आहे. हुक आमिषाशेजारी धरावा; दांडा आणि टोक यांच्यामधली मोकळी जागा आमिषाच्या जाडीच्या दुपटीच्या आसपास हवी. मासा चावतो तेव्हा दबलेल्या प्लास्टिकला सरकायला हीच जागा लागते. ती नसेल तर प्लास्टिक वाकात गोळा होते आणि टोकापुढे भिंत उभी राहते.

हुकाचे टोक आमिषाच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ठेवावे आणि पाच-सहा मिलिमीटर सरळ आत घालून मग खालच्या बाजूने बाहेर काढावे. मध्य चुकू नये म्हणून आमिष डोळ्यांसमोर धरून त्याचे तोंड स्वतःकडे करावे, बाजूने पाहून घालू नये. काडीच्या आमिषाला साच्याची बारीक शिवण असते. ती रेघ हाच तुमचा मार्गदर्शक आहे. टोक त्याच रेघेवर बाहेर आले पाहिजे. मग संपूर्ण हुक त्यातून ओढून आमिषाचे डोके नेढ्याच्या, म्हणजे लाइन बांधायच्या छिद्राच्या, खालच्या पायरीवर नेऊन बसवावे आणि हुक अर्धा फेरा वळवून टोक आमिषाच्या अंगाकडे आणावे.

इथे बहुतेकांची चूक होते. आमिष मोकळे लोंबू द्यावे आणि हुकाचा वाक त्याच्या अंगाला जिथे टेकतो तिथे नखाने खूण करावी. टोक बरोबर त्या खुणेतून आत जायला हवे. खुणेच्या पुढे, म्हणजे डोक्याकडे घातले तर आमिष ताणले जाते, मागे घातले तर फुगते. दोन्ही प्रकारांत ते धनुष्यासारखे वाकते आणि ओढल्यावर भिंगरीसारखे फिरते. तुमच्या लाइनचा पीळ बहुतेक याच वाकातून आला आहे. टोक आरपार काढून, पाठीवरच्या पातळ थरात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पुन्हा लपवावे. बोट फिरवल्यावर टोक लागू नये, पण हलक्या दाबाने ते उघडे पडावे, इतकेच लपवायचे आहे. पॅडल टेलच्या पाठीवर खाच असेल तर टोक त्या खाचेतच बसते आणि काम सोपे होते.

बांधून झाल्यावर लगेच लांब फेकू नये. पायाशी, जिथे गुडघाभर स्वच्छ पाणी आहे, तिथे आमिष टाकून रॉडच्या टोकाने मीटरभर ओढून पाहावे. काडी सरळ रेषेत आली पाहिजे आणि पॅडल टेलची फक्त शेपटी हलली पाहिजे. आमिष कूस बदलताना दिसले तर ते काढून पुन्हा बसवावे. मी आजही प्रत्येक बांधणीनंतर हे करतो, आणि दहापैकी दोन वेळा तरी मला पुन्हा बसवावे लागते. दुसरी पडताळणी घरी करावी. जुन्या स्पंजच्या दोन तुकड्यांमध्ये आमिष ठेवून ते लाकडी चिमट्याने दाबून धरावे, हाताने मुळीच नाही, आणि लाइन खेचावी. टोक स्पंजात रुतले तर ते मरळीच्या तोंडातही रुतेल. चार-पाच वेळा हे करून पाहिल्यावर कोणता हुक कोणत्या आमिषाला चालतो याचे उत्तर तुम्हाला माझ्याशिवाय मिळेल.

आधीच पडलेला पीळ काढणेही आवश्यक आहे, नाहीतर बांधणी सुधारल्यावरही लाइन गुंतत राहील. सकाळी मोकळ्या मैदानात जाऊन हुक, शिसे सगळे काढून टाकावे, नुसती लाइन पन्नास-साठ मीटर जमिनीवर पसरावी आणि ओल्या फडक्यातून हलक्या दाबाने परत गुंडाळावी. मोकळ्या टोकाकडून पीळ निघून जातो. शिवाय प्रत्येक फेकीनंतर रीलची तार, म्हणजे फेकताना उघडतो ती वळती कडी (बेल), हँडल फिरवून न लावता हाताने लावावी. पीळ पडण्याचे तेही एक मोठे कारण आहे.

वजनाविषयी निश्चित आकडा सांगता येत नाही, कारण तो वारा, खोली आणि शेवाळ यांवर ठरतो. माझा नियम असा की आमिष तळाला लागले हे कळेल इतकेच वजन घ्यावे, त्याहून ग्रॅमभरही जास्त नको. काठापासून दीड-दोन मीटर खोलीत वारा नसताना गोळीच्या आकाराचे साडेतीन ग्रॅमचे शिसे पुरते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तेच शिसे निरुपयोगी होते आणि सात ग्रॅम लागते. शिशाचे निमुळते टोक रॉडकडे असावे, म्हणजे ते फांद्यांमधून सरकत येते. शेवाळात किंवा फांद्यांत टाकताना शिशाच्या वरच्या बाजूला लाइनवर रबरी स्टॉपर बसवून ते आमिषाला चिकटून ठेवावे. स्टॉपर नसेल तर छिद्रात दातकोरणीचे टोक खोचून जादा भाग तोडला तरी चालते. शिसे मोकळे राहिले तर ते फांदीच्या एका बाजूने उतरते, आमिष दुसऱ्या बाजूने, आणि लाइनचा फास बसतो. तुमचे बाभळींतले निम्मे हुक याच कारणाने गेले असावेत.

उरलेले निम्मे ओढण्याच्या पद्धतीमुळे गेले असावेत. खोडाला आमिष टेकल्याचे जाणवले की आपला हात नकळत ओढतो, आणि लपवलेले टोक आपण स्वतःच लाकडात रुतवतो. अशा वेळी थांबावे. लाइन अर्धा फूट सैल सोडून रॉडचे टोक मनगटाने हलकेच उचलावे. आमिष फांदीवरून उडी मारल्यासारखे सुटते आणि पलीकडे खाली पडते. पुष्कळदा मरळ नेमकी या पडण्यावरच येते. सॉफ्ट प्लास्टिकचे खरे बळ त्याच्या पडण्यात आहे आणि पडून थांबण्यात आहे. तुम्ही कडक ल्युअर जसे सतत रील फिरवून ओढतात तसे हेही ओढत असाल, असे तुमच्या वर्णनावरून मला वाटते. काडीचे आमिष फेकल्यानंतर मनात आकडे मोजत तळाला जाऊ द्या. एकाच ठिकाणी सातव्या आकड्याला तळ लागत असेल आणि एखाद्या फेकीला चौथ्या आकड्यालाच लाइन सैल पडली, किंवा ती बाजूला सरकताना दिसली, तर ते मासळीने वरच्यावर उचलले आहे. हातापेक्षा डोळ्यांना आधी कळते, म्हणून लाइनचा पाण्यात शिरण्याचा बिंदू सोडू नये.

आता झटक्याचे. बाससाठी लगेच झटका देतात, कारण तो आमिष जितक्या वेगाने आत घेतो तितक्याच वेगाने थुंकतो. मरळीसाठी मी ओढ जाणवल्यावर रॉडचे टोक पाण्याकडे झुकवतो, सैल लाइन रीलवर घेतो, आणि पलीकडे जिवंत वजन आहे याची खात्री होताच रॉड खांद्याच्या रेषेत एका बाजूला लांब खेचतो. यात एखादा सेकंद जातो, आणि तेवढ्यात शेपटीकडून धरलेले आमिष ती पुष्कळदा नीट तोंडात घेते. सैल लाइनवर दिलेला झटका कितीही जोराचा असला तरी हुकापर्यंत पोहोचत नाही. लाइन ब्रेडेड, म्हणजे विणलेली, असावी, ३० ते ४० पौंडांची, कारण ती ताणत नाही. पुढे अर्धा मीटर जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे जोडतुकडा, हवा, नाहीतर दात आणि दगड ब्रेड घासून टाकतात. हुकाचे टोक नखावर टेकवून सरकवून पाहावे. ते अडकले तर धार आहे, घसरले तर घासून धार करावी. आपल्याकडच्या खडकाळ काठांवर एका सकाळीत दोनदा तरी ही वेळ येते.

इतर बांधण्यांविषयी थोडक्यात लिहितो. काडीच्या मध्यावर हुक आडवा टोचून दोन्ही टोके लोंबती ठेवायची वॅकी बांधणी बाससाठी अप्रतिम आहे, मीही तिकडे तिच्यावर पुष्कळ बास घेतले. पण त्यात टोक उघडे असते आणि मरळीच्या दातांत काडीचे दोन तुकडे होतात, म्हणून दारणेवर तिचा उपयोग मर्यादित आहे. शिसे वर, मध्ये मणी आणि फिरकी, आणि त्यापुढे दोन-तीन फूट लीडर अशी कॅरोलायना बांधणी उघड्या, मातीच्या उतारावर चांगली चालते. बाभळींत ती नेऊ नये. जिगहेड, म्हणजे डोक्यातच शिसे ओतलेला हुक, पॅडल टेलसाठी उत्तम, पण तोही मोकळ्या पाण्यात. मरळीसाठी मला सर्वांत जास्त यश देणारी बांधणी मात्र वेगळी आहे. ऑफसेट हुकाच्या पोटालाच तीन ते पाच ग्रॅम शिसे चिकटवलेले असते, पुढे गोळी नसते, आणि त्यावर पॅडल टेल बसवलेले असते. ते पोट खाली ठेवून आडवे पोहते, गवताच्या कडेने पृष्ठभागाखाली वीतभर सावकाश आणता येते आणि थांबवले की तसेच आडवे खाली उतरते. तुमच्याकडचे पॅडल टेल या बांधणीसाठीच राखून ठेवा.

कुठे आणि कधी, हे तुम्ही विचारलेले नाही, तरीही ते बांधणीइतकेच महत्त्वाचे आहे. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून तिला मधूनमधून वर यावेच लागते. सकाळी वारा पडलेला असताना काठावर पंधरा मिनिटे काही न टाकता बसावे. पाण्यावर एक गोल लहर उठते, कधी मागे एखाद-दुसरा बुडबुडा येतो, आणि थोड्या वेळाने जवळपास पुन्हा तेच होते. आमिष त्या जागेवर न टाकता दोन मीटर पलीकडे टाकून तिच्या वाटेवर आणावे, डोक्यावर पडले तर ती तळ गाठते. धरणातून आवर्तन सुटले की पाणी उतरू लागते आणि काल ज्या खोडांत मासळी होती ती खोडे आज कोरडी पडतात. अशा दिवसांत मी उतरत्या पाण्याच्या पहिल्या खोल कडेवर, दगडांच्या राशीशी टाकतो. आवर्तन थांबून पातळी स्थिरावली की मासळी पुन्हा काठाला येते. निफाडकडे पारा एक आकडी येतो तशा थंडीत मरळ मंदावते. तेव्हा मी उन्हे चढल्यावर, दहानंतर जातो, आमिष लहान घेतो आणि दोन हालचालींमध्ये दहापर्यंत मोजतो. गंगापूरच्या मातीच्या मोकळ्या काठांवर बाभळींची अडचण कमी असल्याने बांधणी शिकण्यासाठी ते पाणी दारणेपेक्षा सोपे आहे. गोदावरीच्या पात्रात शहराखाली पाणवेली साचतात तिथे लपवलेल्या टोकाशिवाय दुसरे काही टाकताच येत नाही.

रंगाचा प्रश्न तुम्ही विचारला होता, मी तो मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. गढूळ पाण्यात गडद, काळा किंवा काळा-निळा, कारण त्याची सावली स्पष्ट पडते. स्वच्छ पाण्यात तपकिरी-हिरवा, लहान मासळीच्या अंगाजवळचा. एवढ्या दोन रंगांवर मी अनेक वर्षे काढली आहेत. भावाने पाठवलेल्या पाकिटांत हे दोन रंग असतीलच.

आमिषे साठवताना प्रत्येक प्रकार त्याच्या मूळ पाकिटात ठेवावा. बहुतेक सॉफ्ट प्लास्टिक हे पीव्हीसी मऊ करून ओतलेले असते, काही ताणली जाणारी आमिषे मात्र वेगळ्या रबरासारख्या द्रव्याची असतात. ही दोन एका डब्यात ठेवली तर एकमेकांना वितळवून चिकट गोळा होतो. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेले आमिष वाकते आणि वाकलेले आमिष कसेही बांधले तरी फिरतेच. असे वाकलेले आमिष गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सपाट ताटलीत सरळ ठेवून गार केले की बहुधा ताळ्यावर येते. फाटलेले तुकडे मात्र पाण्यात टाकू नका. ते कुजत नाहीत, आणि मासळीने गिळले तर तिच्या पोटात राहतात. माझ्या खिशात त्यासाठी एक जुनी दुधाची पिशवी असते, आणि काठावर दुसऱ्यांचे पडलेले तुकडेही मी तिच्यात घेतो.

दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन, कारण त्यांच्याविषयी मला फार वाटते. पहिल्या पावसानंतर मरळीचे नर-मादी लालसर पिल्लांचा थवा घेऊन काठाला फिरतात. पिल्ले श्वासासाठी एकदम वर येतात तेव्हा पाणी उकळल्यासारखे दिसते. त्या थव्यावर आमिष टाकले की पालक मासळी भुकेने नाही, राखणीसाठी धावून येते आणि हमखास सापडते. ती काढली की काही मिनिटांत बाकीचे मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात. मी पावसाळ्यात थवे दिसेनासे होईपर्यंत मरळीसाठी गळ टाकत नाही, आणि तुम्हीही टाकू नये अशी माझी विनंती आहे. दुसरी गोष्ट परवानगीची. आपल्याकडच्या अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्या माणसांना आधी भेटावे, विचारावे, आणि जाळ्याच्या तरंगत्या खुणांपासून लांब टाकावे. ते त्यांचे पोट आहे. धरणाच्या भिंतीजवळच्या प्रतिबंधित भागात जाऊ नये. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला आहे, तिथे रॉड घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

मरळ हाती लागली की व्हिडिओतल्यासारखा तिच्या तोंडात अंगठा घालू नका, दात खोल रुततात. हात ओला करून पोटाखाली आधार द्यावा, लांब पकडीने हुक काढावा, आणि सोडायची असेल तर उथळ पाण्यात ती स्वतःच्या बळावर निघेपर्यंत धरून ठेवावी.

येत्या रविवारसाठी माझे सांगणे एवढेच आहे. एकच पॅडल टेल, एकच ४/० हुक, पोटाला शिसे असलेला मिळाला तर उत्तम, आणि रील सावकाश. आदल्या रात्री घरी स्पंजची चाचणी करा, काठावर पोहोचल्यावर पायाशी मीटरभर ओढून पाहा, आणि मगच फेका. इतके करूनही ओढ येऊन मासळी सुटली, तर ते आमिष फेकून देऊ नका. हुकावरून न काढता त्याची तीन छायाचित्रे घ्या: एक बाजूने, एक वरून आणि एक दातांच्या खुणांचे जवळून. टोक कुठे अडकले आणि मासळीने कुठे धरले हे त्यावरून मला सांगता येईल.